आपला कंप्युटर कोणासाठी राबत होता?

(उरण येथे झालेल्या संघाच्या मासिक सभेत आपल्या लेखापाल ताईंनी केलेल्या भाषणाचा मजकूर. बऱ्याच गटांनी मागणी केली म्हणून थोडी काटछाट करून, बोलल्याप्रमाणेच छापत आहोत.)



मला भाषणाची सवय नाही. माझं काम आकड्यांचं. पण मागच्या सभेत मी तुमच्याकडून पंधरा दिवस मागून घेतले होते. त्या पंधरा दिवसांचा हिशोब द्यायला उभी आहे. हिशोबात माझी एक चूकसुद्धा आहे, तीही सांगणार आहे.

तुम्हाला आठवत असेल, मागच्या सभेत नवीन कंप्युटर घ्यायचा विषय निघाला होता. दुकानदाराचं ४२,००० रुपयांचं कोटेशन आलं होतं. "जुना झाला, प्रोसेसर गेला, सगळंच बदला," असं त्याचं म्हणणं. ठराव जवळजवळ झालाच होता. ४२,००० म्हणजे किती, ते तुम्हाला सांगायला नको. एखाद्या गटाचा फिरता निधीही एवढा नसतो.

त्याच सभेत आणखी एक बोलणं झालं. कोणी मुद्दाम बोललं नाही, पण मला लागलं. "कंप्युटर बदला नाहीतर मुलगी बदला, काहीतरी करा, काम हलत नाही." खरंच हलत नव्हतं. दिवाळीनंतर एक एक्सेलची फाइल उघडायला दहा मिनिटं लागत होती. करंजाहून एक काकी कर्जाच्या कागदांसाठी सकाळी आल्या होत्या. टोपलीत मासळी होती, बाजार गाठायचा होता. अर्धा तास झाला तरी त्यांचं पत्रक प्रिंट होईना. "काय गो बाय, अजून नाय झाला?" त्या तीनदा म्हणाल्या आणि निघून गेल्या. त्यांचा बाजारही गेला आणि कागदही मिळाला नाही. त्या दिवशी मलासुद्धा वाटलं, की माझाच हात हळू आहे.

मग मी आमच्या शेजारच्या मुलीला विचारलं. ती आयटीआयला कंप्युटरचा कोर्स करते. ती पहिलंच वाक्य असं बोलली, "ताई, हळू चालतोय म्हणजे काय होतंय, ते आधी बघितलंत का?" मी म्हटलं, हळू म्हणजे हळू, त्यात काय बघायचं? ती म्हणाली, "ताप आला म्हणून डॉक्टर लगेच ऑपरेशन करत नाही. आधी थर्मामीटर लावतो."

ते थर्मामीटर कंप्युटरमध्येच असतं. विकत घ्यावं लागत नाही. तेच आज मला तुम्हाला शिकवायचं आहे.

प्रोसेसर म्हणजे काय

आपल्या घरातल्या ओट्यासमोर उभी असलेली बाई डोळ्यापुढे आणा. स्वयंपाक करणारी ती म्हणजे प्रोसेसर. तिच्या समोरचा ओटा म्हणजे रॅम. मागचं फडताळ म्हणजे हार्ड डिस्क. बाई कितीही चपळ असली तरी ओटा लहान असेल तर तिला सारखं फडताळाकडे जावं लागतं, तिथे वेळ जातो. ओटा मोठा आहे, पण दहा जणींनी दहा पदार्थ एकदम सांगितले, तरी ती अडकते. म्हणून "कंप्युटर हळू" हे एकच दुखणं नाही. कधी प्रोसेसर भरलेला असतो, कधी रॅम, कधी डिस्क. आधी कोण भरलंय ते ओळखायचं. उपाय त्यावर ठरतो.

थर्मामीटर कसं लावायचं

कीबोर्डवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबायची. टास्क मॅनेजर नावाची खिडकी उघडते. छोटीशीच उघडली तर खाली "मोअर डिटेल्स" असं असतं, ते दाबायचं. आता वर चार-पाच रकाने दिसतात: सीपीयू, मेमरी, डिस्क, नेटवर्क. सीपीयू म्हणजेच प्रोसेसर. प्रत्येक रकान्याच्या डोक्यावर टक्के असतात.

ही आपली कर्जवाटपाची वहीच समजा. कोणत्या प्रोग्रामने किती घेतलंय ते ओळीने लिहिलेलं असतं. सीपीयू या शब्दावर एकदा क्लिक केलं की सगळ्यात जास्त घेणारा वर येतो.

इथे दोन गोष्टी लक्षात ठेवा. कंप्युटर सुरू केल्यावर पहिली पाच-दहा मिनिटं आकडा वर असतो, ते चालतं. त्याची सकाळची आवराआवर चालू असते. पण आपण काहीही उघडलेलं नाही, दहा मिनिटं हातही लावलेला नाही, आणि तरी आकडा ८०, ९०, १०० वर बसलाय, तर काहीतरी बिघडलंय. काही काम नसताना तो साधारण पाच-दहा टक्क्यांच्या आत असायला हवा.

दुसरं, "डिटेल्स" नावाच्या पानावर गेलात तर तिथे "सिस्टिम आयडल प्रोसेस" असं नाव ९५ टक्के दाखवतं. ते बघून मी घाबरले होते. तो चोर नाही. आयडल म्हणजे रिकामा. ९५ टक्के प्रोसेसर रिकामा बसलाय, असा त्याचा अर्थ.

आमचा आकडा होता ९७ ते १००. सकाळी, दुपारी, कधीही.

काय काय सापडलं

पहिलं सापडलं ते प्रिंटरचं. यादीत "स्पूलर" नावाची ओळ बरीच वर होती. स्पूलर म्हणजे प्रिंटरला कागद पाठवणारा हमाल. दिवाळीच्या आधी आपला जुना प्रिंटर बिघडला होता, आपण तो काढून नवीन लावला. पण जुन्या प्रिंटरकडे पाठवलेली सहा पत्रकं रांगेत तशीच अडकली होती. हमाल रोज उठून ती नसलेल्या प्रिंटरकडे न्यायचा प्रयत्न करत होता. आम्ही ती रांग रद्द केली, जुन्या प्रिंटरचं नाव काढून टाकलं. खर्च शून्य.

दुसरं अँटिव्हायरसचं. एक कंप्युटरबरोबर आलेला, मुदत संपलेला. दुसरा मागाहून टाकलेला. दोघंही प्रत्येक फाइल तपासणार. एकाने उघडली की दुसरा ती परत तपासणार. एका दाराला दोन राखणदार बसवले आणि ते एकमेकांचीच झडती घेत बसले, तसं. दोन्ही काढले. विंडोजमध्ये स्वतःचा डिफेंडर असतो, तो आपल्यासारख्या कार्यालयाला पुरतो. एका वेळी एकच राखणदार ठेवायचा.

तिसरं ब्राउझरचं. मी एकदम वीस-वीस पानं उघडी ठेवत होते. पोर्टल, बँक, मेल, यूट्यूब. ही माझी सवय, आता मोडली. क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप दाबलं तर कोणतं पान किती खातंय ते वेगळं दिसतं. त्यात तीन एक्स्टेन्शन अशी निघाली, जी मी कधी टाकलीच नव्हती. काढली.

चौथी गोष्ट तर उरणकरणींनी स्वतःच ओळखायला हवी. डबा उघडला तर आत काळी धूळ आणि वर पांढरट थर. आपल्याकडे एका बाजूला खाडीची खारी हवा, दुसऱ्या बाजूला ट्रेलरची धूळ. पंख्याच्या पात्या गच्च झाल्या होत्या. प्रोसेसरला गरम झालं की तो जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करतो. वेग कमी झाला की तेवढंच काम करायला त्याला जास्त वेळ लागतो, आणि आकडा वर चढतो. साफ करताना वीज बंद करून वायर काढायची, मऊ ब्रशने धूळ झाडायची, आणि ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवायचा, भरभर फिरू द्यायचा नाही. ओलं फडकं अजिबात नाही. प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट मात्र जाणत्याकडून बदलून घेतली.

एवढं करून आकडा शंभरावरून सत्तरवर आला. आम्ही खूश झालो. पण सत्तर म्हणजे तापच की.

पाचवी गोष्ट

त्या मुलीला एक विचित्र गोष्ट दिसली. आम्ही दोघी नुसत्या बसून होतो. कंप्युटरला हात लावलेला नव्हता. तरी पंखा घरघरत होता. तिने टास्क मॅनेजर उघडला, आणि दोन सेकंदांत पंखा शांत. आकडा सहा टक्के. खिडकी बंद केली, पुन्हा घरघर. परत उघडली, परत शांत. घरात कोणी आलं की डबा बंद करून साळसूद बसणाऱ्या पोरासारखं.

ती म्हणाली, "ताई, आत कोणीतरी आहे."

डिफेंडरच्या सेटिंगमध्ये "एक्सक्लुजन्स" नावाची यादी असते. "या जागा तपासू नकोस" असं सांगायची ती यादी. ती रिकामी असायला हवी. आमच्या यादीत अख्खा सी ड्राइव्ह होता. म्हणजे राखणदाराला सांगून ठेवलं होतं, की घरात बघूच नको. आम्ही ती नोंद काढली आणि "ऑफलाइन स्कॅन" लावला. त्यात कंप्युटर बंद होऊन परत सुरू होतो आणि विंडोज पूर्ण जागं व्हायच्या आधीच तपासणी होते, साधारण पंधरा मिनिटं. लपणाऱ्याला लपायला वेळ मिळत नाही. निकालात नाव आलं, कॉइनमायनर.

हे काय असतं? बिटकॉइनसारखी जी इंटरनेटवरची नाणी आहेत, त्यांतली काही कंप्युटरने मोठमोठी गणितं सोडवून मिळतात. त्याला वीज आणि प्रोसेसर खूप लागतो. मग काही लोक काय करतात, दुसऱ्यांच्या कंप्युटरमध्ये आपला प्रोग्राम घुसवतात. गणितं आपला कंप्युटर करणार, वीजबिल आपण भरणार, नाणं त्यांच्या खिशात. मोनेरो नावाचं नाणं तर साध्या प्रोसेसरवरही निघतं, म्हणून आपल्यासारख्यांचे जुने कंप्युटरही त्यांना चालतात. आपला कंप्युटर म्हातारा झाला नव्हता मैत्रिणींनो, तो दिवसभर परक्याच्या शेतावर राबून आपल्याकडे दमून येत होता.

आता माझी चूक

तो आत आला कसा? दिवाळीच्या आधी ऑफिसचं सॉफ्टवेअर "लायसन्स संपलं" असं दाखवत होतं. ऑडिटचे कागद द्यायचे होते. दुरुस्तीला आलेला मुलगा म्हणाला, "विकत कशाला घेता, मी फुकट चालू करून देतो." त्याने पेनड्राइव्ह लावला आणि म्हणाला, "पाच मिनिटं अँटिव्हायरस बंद करा." मी बंद केला. माझ्या हाताने. संघाचे पैसे वाचले म्हणून मला बरंसुद्धा वाटलं.

जे सॉफ्टवेअर आत येण्याआधी राखणदाराला बाहेर काढायला सांगतं, ते कशासाठी आलंय हे मी ओळखायला हवं होतं. नाही ओळखलं. तुमची माफी मागते.

याचं मोठं उदाहरण तर आपल्या दाराशी घडलेलं आहे. २७ जून २०१७ ला जगभर एक व्हायरस पसरला, नॉटपेट्या त्याचं नाव. त्या वेळी जेएनपीटीमधल्या गेटवे टर्मिनल्स इंडियाचं काम ठप्प झालं होतं, कारण मर्स्क या जहाज कंपनीचे जगभरातले कंप्युटर बंद पडले होते. तो व्हायरस सुरू झाला युक्रेनमध्ये. तिथले व्यापारी कर भरायला जे हिशोबाचं सॉफ्टवेअर वापरतात, त्याच्या अपडेटमधून तो आत शिरला. कुठे युक्रेनमधला हिशोब आणि कुठे न्हावा-शेव्याचे कंटेनर! आणि बघा, ते सॉफ्टवेअर खरं होतं, रीतसर घेतलेलं होतं. मग पेनड्राइव्हमधून आलेल्या चोरीच्या मालाची काय खात्री?

आपला चोर त्या मानाने लहान, नुसतं राबवून घेणारा. पण ज्या दारातून तो आला त्याच दारातून पासवर्ड चोरणाराही येऊ शकतो. त्या कंप्युटरवरून मी संघाचं बँक खातं बघत होते. तुमच्या बचतीचे पैसे. ते लक्षात आलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

पुढे काय केलं

दुसऱ्या दिवशी सकाळी अध्यक्षताईंना आणि कोषाध्यक्षताईंना सगळं सांगितलं. लपवलं नाही. मग क्रमाने असं केलं.

आधी इंटरनेटची वायर काढली. मग वेगळ्या, स्वच्छ मोबाइलवरून बँक, मेल आणि पोर्टल, सगळ्यांचे पासवर्ड बदलले. त्याच कंप्युटरवरून बदलले असते तर नवीन पासवर्डही त्यालाच कळला असता. बँकेत जाऊन दिवाळीपासूनचं स्टेटमेंट काढलं आणि आम्ही तिघींनी ओळ न् ओळ वहीशी ताडून बघितली. एक रुपयाही कमी नाही. तेव्हा कुठे पाणी प्यायले.

मग फक्त आपल्या फाइली, म्हणजे पत्रकं, अहवाल, फोटो, पेनड्राइव्हवर घेतले. प्रोग्राम एकही घेतला नाही. आणि विंडोज पुसून नव्याने टाकलं. कंप्युटर घेताना मूळ विंडोज त्याच्याबरोबर आलेलंच होतं, त्याला पैसे पडले नाहीत. एकदा घुसलेला पूर्ण गेला की नाही याची खात्री नसते, म्हणून जिथे पैशाचं काम होतं तिथे नुसतं स्कॅन करून थांबू नये.

ऑफिसच्या कामासाठी आता लिबरऑफिस टाकलंय. ते फुकट आहे आणि कायद्याने फुकट आहे, मराठीही चालतं. जुन्या एक्सेलच्या फाइली त्यात उघडतात. एक-दोन पत्रकांची मांडणी थोडी हलली, ती मी नीट केली.

खर्च सांगते. साफसफाई आणि पेस्ट ६०० रुपये. बॅकअपसाठी दोन पेनड्राइव्ह ९०० रुपये. एकूण १,५०० रुपये. पावत्या कोषाध्यक्षताईंकडे आहेत, सभा संपल्यावर कोणीही बघू शकतं. आज काही न उघडता प्रोसेसरचा आकडा चार टक्के आहे, आणि फाइल वीस सेकंदांत उघडते.

याचा अर्थ नवीन कंप्युटर कधीच घ्यायचा नाही, असा नाही. सगळं स्वच्छ असूनही साध्या कामाला रॅम किंवा डिस्क शंभरावर राहत असेल, तर आधी रॅम वाढवून किंवा एसएसडी टाकून बघायचं. प्रोसेसरच कमी पडत असेल तर कंप्युटर बदलायचा. शिवाय विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचे नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाले. ज्या गटांचे कंप्युटर विंडोज ११ घेऊ शकत नाहीत, त्यांनी त्यावर बँकेचं काम करू नये. ही खरी कारणं आहेत. पण "हळू चालतोय" एवढ्यावर ४२,००० द्यायचे नाहीत.

घरी जाऊन काय करायचं

चिरनेर, पिरकोन, केगाव, सगळीकडच्या ग्रामसंघांमध्ये आता कंप्युटर नाहीतर मुलांचे लॅपटॉप आहेत. म्हणून थोडक्यात सांगते. वहीत लिहून घ्या.

एक. हळू वाटला की आधी रीस्टार्ट करा. नुसतं शट डाउन करून परत चालू केलं तर विंडोज बऱ्याचदा अर्धं जुनंच आठवून उठतं. रीस्टार्ट केलं की खरं ताजं होतं.

दोन. दहा मिनिटं थांबून टास्क मॅनेजर बघा. सगळ्यात वर कोण आहे आणि किती टक्के, ते वहीत लिहा. दुरुस्तीवाल्याला ती वही दाखवा. मग तो उगाच काहीही सांगणार नाही.

तीन. अपडेट चालू असेल तर आकडा तासभर वर राहू शकतो. त्याला मध्येच बंद करू नका, होऊ द्या.

चार. यादीतलं नाव ओळखीचं नसेल तर लगेच "एंड टास्क" दाबू नका, विंडोजची स्वतःची कामंही तिथे असतात. आधी विचारा.

पाच. अँटिव्हायरस बंद करायला सांगणारं काहीही टाकू नका. सांगणारा भाऊ असला तरी.

सहा. "तुमचा कंप्युटर स्लो झालाय, इथे दाबा" असं स्क्रीनवर आलं, किंवा "कंपनीतून बोलतोय, आम्ही दुरुस्त करतो" असा फोन आला आणि स्क्रीन दाखवणारं ॲप टाकायला सांगितलं, तर बंद करा. तो दुरुस्त करायला आलेला नसतो.

सात. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० ला फोन करा. सायबर फसवणुकीचा तो सरकारी क्रमांक आहे. आपल्याला तो पाठ करायची गरज नाही. चिरनेरचा जंगल सत्याग्रह २५ सप्टेंबर १९३० चा. तेच साल, तोच नंबर.

आठ. दर शुक्रवारी पेनड्राइव्हवर बॅकअप, आणि तो पेनड्राइव्ह काढून कपाटात. लावलेला ठेवला तर व्हायरस त्यालाही खातो.

शेवटी एवढंच म्हणते. आपल्या गावांत कुठेही कंप्युटरवर बसलेली मुलगी हळू वाटली, तर तिला बोलण्याआधी तिच्याबरोबर पाच मिनिटं बसा आणि तो आकडा बघा. कदाचित ती त्या वेळी दोघांचं काम करत असेल.

करंजाच्या त्या काकी आज सभेला आल्या आहेत. काकी, तुमचं पत्रक मी प्रिंट करून आणलंय. जेवणाआधी घेऊन जा.

जय सावित्री.